डाळ-तांदळाचे संशोधन

टीबीवरचे संशोधन म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर प्रयोगशाळा, सूक्ष्मदर्शक आणि नवे महागडे औषध येते. माझी हयात याच आजारावर उपचार करण्यात गेली. गरिबाच्या सर्वात उपयोगी पडलेले संशोधन मला विचाराल, तर मी दोन नावे घेईन: मद्रास आणि झारखंड. दोन्ही ठिकाणी प्रश्न गरिबाच्या घरातून उचलला होता.

पूर्वी टीबी झाला की सॅनेटोरियम गाठायचे. आपल्याकडे मिरजेजवळ वानलेसवाडीला असे सॅनेटोरियम होते. मोकळी हवा, सक्तीची विश्रांती, दूध-अंडी असा तिथला उपचार. पण खाटा मोजक्या आणि रुग्ण अफाट. १९५६ साली मद्रासमध्ये डॉ. वॉलेस फॉक्स यांच्या नेतृत्वाखाली एक अभ्यास सुरू झाला. निम्मे रुग्ण सॅनेटोरियममध्ये ठेवले, निम्मे त्यांच्या दाटीवाटीच्या घरांत. औषधे दोघांना तीच, वर्षभर. घरी राहिलेल्या रुग्णांना ना पुरेसे खाणे, ना विश्रांती. तरीही १९५९ मध्ये निकाल आला तेव्हा दोन्ही गटांत बरे होण्याचे प्रमाण जवळपास सारखेच होते. घरातल्या इतरांना लागण वाढल्याचेही दिसले नाही. टीबीचा उपचार जगभर घरी आला तो या अभ्यासामुळे. हातावर पोट असलेल्या माणसाला संसार सोडून महिनोन्महिने खाटेवर पडून राहण्याची गरज उरली नाही.

पण या यशातून एक अर्धवट अर्थही काढला गेला: गोळ्या पुरेशा आहेत, खाण्याचे पुढे बघू. त्याची किंमत आम्ही वजनकाट्यावर रोज पाहतो. टीबीचा जंतू कित्येकांच्या शरीरात वर्षानुवर्षे झोपून असतो. उपासमारीने प्रतिकारशक्ती खचली की तो उठतो. रुग्णाला सकस आहाराचे पाकीट दिले, तरी घरी गेल्यावर ते सगळ्यांच्या ताटांत वाटले जाते. पोरे समोर बसलेली असताना आई एकटी कशी खाईल?

हाच प्रश्न डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांनी शास्त्राच्या कसोटीवर घेतला. २०१९ ते २०२२ या काळात झारखंडच्या चार जिल्ह्यांत २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातली दहा हजारांवर माणसे या अभ्यासात होती; त्यांत आदिवासी बहुसंख्य. रुग्णांपैकी पाचांतले चार जण कमी वजनाचे. बायकांचे सरासरी वजन अवघे ३६ किलो. शिधा सगळ्याच रुग्णांना दिला. निम्म्या गटांत मात्र घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसालाही महिन्याला पाच किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या.

२०२३ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले. शिधा मिळालेल्या कुटुंबांत नव्याने टीबी होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी होते. फुप्फुसाच्या संसर्गजन्य टीबीचे तर ४८ टक्क्यांनी. रुग्णांबाबतही एक गोष्ट स्पष्ट झाली. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन पाच टक्क्यांनी वाढले, त्यांचा मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी होता. चाळीस किलोच्या माणसाला पाच टक्के म्हणजे फक्त दोन किलो!

मद्रासने औषध घरापर्यंत आणले, झारखंडने त्या घरातली चूल मोजली. गोळ्या न चुकता घ्यायलाच हव्यात, त्यांना पर्याय नाही. पण रुग्णाच्या घरचा शिधा हाही टीबी-प्रतिबंधाचाच भाग आहे, हे आता पुराव्यानिशी सिद्ध झाले आहे. रुग्णाच्या खात्यात २०१८ पासून सरकारकडून पोषणासाठी दरमहा ५०० रुपये जमा होत. २०२४ च्या नोव्हेंबरपासून ते १,००० झाले. हे योग्यच झाले, पण एवढ्यात अख्ख्या घराचे भागत नाही.

म्हणून वाचकांना विनंती आहे. सरकारच्या टीबी मोहिमेत 'निक्षय मित्र' म्हणून कोणालाही नाव नोंदवता येते आणि रुग्णाला सहा महिने शिधा देता येतो. या दिवाळीत एका रुग्णाची जबाबदारी घ्या. मात्र पिशवी भरण्याआधी त्या घरात जेवणारी तोंडे किती, हे विचारा आणि तेवढ्यांची डाळ द्या.