यादीतली नावं आणि मधल्या रेषा

जून आला की पुण्यात चौकाचौकांत कॉलेजांचे आणि क्लासेसचे फ्लेक्स लागतात. पासपोर्ट फोटोंचे चौकोन, खाली टक्के नाहीतर पॅकेज, आणि कोपऱ्यात हात जोडलेले संस्थापक. माझ्या भाचीची यंदा बारावी झाली, त्यामुळे आमच्या घरात सध्या हे फ्लेक्स पोथीसारखे वाचले जातायत. ताईचा रोज फोन. "तू एवढी वर्षं आयटीत आहेस, तूच सांग कुठलं कॉलेज चांगलं." मी म्हटलं, चांगलं म्हणजे काय गं? तर म्हणाली, "म्हणजे तिथून कोण कोण मोठं होऊन बाहेर पडलं ते बघ ना!"

बघायला बसलो. पण आधी मी यादी उघडली ती अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एका आडगावच्या कॉलेजची. ग्रिनेल कॉलेज. त्या यादीतलं एक नाव तुमच्या-माझ्या पोटापाण्याशी थेट जोडलेलं आहे, आणि त्या नावामागची गोष्ट मला फार दिवस लिहायची होती.

आधी थोडी पार्श्वभूमी. 'लिबरल आर्ट्स' म्हटलं की आपल्याकडे लगेच 'म्हणजे आर्ट्स साइड का?' असा प्रश्न येतो. तसं नाही. या कॉलेजांत फिजिक्स, गणित, इतिहास, संगीत सगळं एकाच छपराखाली असतं, भर पदवीच्या शिक्षणावर असतो आणि वर्ग लहान असतात. ग्रिनेलची स्थापना १८४६ ची. नाव मिळालं ते जोसाया ग्रिनेल या गुलामगिरीविरोधी धर्मोपदेशकामुळे. गाव त्यानेच वसवलेलं. १८८२ मध्ये एका चक्रीवादळाने कॉलेजच्या इमारती भुईसपाट केल्या, त्या परत उभ्या राहिल्या. भोवती मक्याची शेतं. आजही विद्यार्थी जेमतेम सतराशे. आपल्याकडच्या एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या दोन बॅचेस म्हणा ना.

आणि आता यादी बघा.

सेन कातायामा: जपानमधून आलेला, १८९२ चा पदवीधर. पुढे जपानच्या कम्युनिस्ट पक्षाच्या संस्थापकांपैकी एक. १९३३ मध्ये वारला आणि त्याच्या अस्थी मॉस्कोत क्रेमलिनच्या भिंतीत ठेवल्या गेल्या. गॅरी कूपर: हॉलिवूडचा हिरो, इथे दोनेक वर्षं काढून पदवी न घेताच गेला. हर्बी हॅनकॉक: १९५६ मध्ये इंजिनिअर व्हायला आला, कॉलेजातच बँड जमवला आणि जॅझचा पियानोवादक झाला. पुढे सिंथेसायझर आणि कॉम्प्युटर संगीतात आणणाऱ्या पहिल्या काही लोकांत तो होता, म्हणजे इंजिनिअरिंग अगदीच वाया गेलं नाही :) टॉमस चेक: १९७० चा पदवीधर, आरएनए स्वतःच रासायनिक क्रिया घडवून आणू शकतो हे दाखवल्याबद्दल १९८९ चं रसायनशास्त्राचं नोबेल. जॉन गरांग: दक्षिण सुदानच्या लढ्याचा नेता, २००५ मध्ये हेलिकॉप्टर अपघातात गेला.

कम्युनिस्ट, हिरो, पियानोवादक, नोबेलवाला, बंडखोर सेनानी. फ्लेक्सवर लावायचे तर कुणाच्या खाली काय लिहायचं हाच प्रश्न पडेल!

पण अशी यादी वाचून कॉलेजबद्दल काही कळत नाही. दीडशे-पावणेदोनशे वर्षांत हजारो मुलं बाहेर पडली, त्यातली पाच-दहा आपण वेचून काढली. ही मुलं दुसरीकडे गेली असती तरी मोठी झाली असती का, याला यादीकडे उत्तर नसतं. आपल्या भाषेत सांगायचं तर यादी म्हणजे नुसते नोड्स. ग्राफ समजायचा तर नोड्सच्या मधल्या रेषा बघाव्या लागतात. कुणी कुणाला शिकवलं, कुणी कुणाला बोलावून घेतलं, कुणी कुणासाठी शब्द टाकला.

एक रेषा बघा. हॅरी हॉपकिन्स, १९१२ ची बॅच. हॅली फ्लॅनगन, १९११ ची बॅच. दोघं ग्रिनेल गावातच वाढलेली. हॉपकिन्स पुढे अध्यक्ष रूझवेल्टचा उजवा हात झाला. महामंदीत बेकारांना काम देणारी डब्ल्यूपीए ही योजना त्याने चालवली. आपल्या रोजगार हमीची अमेरिकन थोरली बहीण म्हणा. १९३५ ते १९४३ या काळात तिने सुमारे ८५ लाख लोकांना काम दिलं. हॉपकिन्सचं म्हणणं होतं की नट-लेखकांनाही इतरांसारखीच भूक लागते, तेव्हा त्यांनाही त्यांच्याच कामाची मजुरी मिळायला हवी. त्यासाठी १९३५ मध्ये 'फेडरल थिएटर प्रोजेक्ट' सुरू झाला आणि तो चालवायला त्याने फ्लॅनगनला बोलावलं. तिने आधी ग्रिनेलमध्ये शिकवलं होतं, तेव्हा व्हॅसार कॉलेजात नाटक शिकवत होती. हजारो बेकार रंगकर्मींना तिने काम दिलं. एकच नाटक एकाच दिवशी अनेक शहरांत उघडायचा प्रयोगही केला. १९३८ मध्ये काँग्रेसच्या चौकशी समितीपुढे तिची सुनावणी झाली. तिच्या लेखात ख्रिस्तोफर मार्लोचं नाव आलं होतं. एका सदस्याने गंभीरपणे विचारलं की हा मार्लो कम्युनिस्ट आहे का! शेक्सपिअरच्या काळातला नाटककार हो तो. १९३९ मध्ये प्रोजेक्टचा निधीच बंद झाला.

आता दुसरी रेषा, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप. रॉबर्ट नॉइस. पाद्र्याचा मुलगा, त्याच गावात वाढलेला. शाळेत असतानाच ग्रँट गेल नावाच्या प्राध्यापकाचा फिजिक्सचा कोर्स कॉलेजात जाऊन करायचा. सुट्टीत याच गेलसरांच्या अंगणातलं गवत कापायचा. म्हणजे नातं आपल्याकडच्या जुन्या मास्तर-विद्यार्थ्यासारखं, घरोब्याचं.

१९४८ च्या वसंतात होस्टेलच्या पोरांनी हवाई बेटांवरच्या थाटाची पार्टी ठरवली. त्यात डुक्कर भाजायचं असतं. ते आणायचं काम नॉइस आणि त्याच्या एका मित्राकडे आलं. दोघांनी रात्री जवळच्या शेतावरून एक पिल्लू उचललं. सकाळी नशा उतरल्यावर जाऊन कबुली दिली आणि पैसे देऊ केले. पण शेत निघालं गावच्या मेयरचं. आणि आयोवा म्हणजे डुकरांवर जगणारं राज्य, तिथे जनावराची चोरी हा तुरुंगात पाठवणारा गुन्हा. कॉलेजातून कायमची हकालपट्टी होणार हे जवळपास नक्की होतं.

गेलसर आणि कॉलेजचे अध्यक्ष मध्ये पडले. पोलीस केस झाली नाही. शिक्षा ठरली ती एका सत्राच्या निलंबनाची. नॉइसने ते सहा महिने न्यूयॉर्कला एका विमा कंपनीत आकडेमोड करत काढले आणि जानेवारी १९४९ मध्ये तो परत आला.

आता टायमिंग बघा. बेल लॅब्जमध्ये ट्रान्झिस्टर तयार झाला डिसेंबर १९४७ मध्ये, जाहीर झाला जून १९४८ च्या अखेरीस. गेलसरांनी बातमी वर्तमानपत्रात वाचली. शोधकर्त्यांपैकी जॉन बार्डीनशी त्यांची विस्कॉन्सिनपासूनची ओळख, आणि बेल लॅब्जचा तेव्हाचा अध्यक्ष ऑलिव्हर बकली हा ग्रिनेलचाच, १९०९ चा माजी विद्यार्थी. सरांनी लगेच पत्रं टाकली, माहिती मागवली आणि मूठभर पोरांना घेऊन तो विषय शिकायला बसले. नॉइस परत आला तो नेमका या वेळी. पीएचडीसाठी एमआयटीत गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की तिथेही या विषयावर फारसं शिकवलं जात नाहीये.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. १९५७ मध्ये फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर. जॅक किल्बीने १९५८ मध्ये इंटिग्रेटेड सर्किट करून दाखवलं होतंच, पण कारखान्यात घाऊक बनवता येईल अशी सिलिकॉनची रचना नॉइसने १९५९ मध्ये मांडली. १९६८ मध्ये गॉर्डन मूरबरोबर इंटेल. तुम्ही हे वाचताय ते ज्या यंत्रावर, त्याच्या वंशावळीत गेलसरांचा तो वर्ग आहे.

इथपर्यंत गोष्ट छान वाटते. पण एक खडा दाताखाली येतो. हा वशिलाच नाही का? सरांची ओळख, माजी विद्यार्थ्याची ओळख, गाववाल्याची ओळख. 'आपला माणूस' हा शब्द आयोवातही चालतो तर! आणि खरं सांगायचं तर डुक्कर चोरणारा पोरगा सरांच्या घरी येणारा पाद्र्याचा मुलगा नसता, कुठला तरी शेतमजूर असता, तर त्याला सहा महिन्यांची सुट्टी मिळाली असती का? मला नाही वाटत.

यावर मी दोन दिवस विचार केला. मला फरक दिसतो तो असा, की त्या ओळखीचा उपयोग कशासाठी झाला. गेलसरांनी बकलीकडे कुणाच्या नोकरीसाठी चिठ्ठी पाठवली नाही. त्यांनी अवघड वाचन मागवलं आणि ते वर्गासमोर ठेवलं. फ्लॅनगनला बोलावलं तेव्हा ती नाटकात स्वतःचं काम उभं करून बसली होती. आणि निलंबन माफ झालं नाही, नॉइसला ते भोगावं लागलं. तरीही हा फरक धूसर आहे हे मान्य. लहान जागेत माणसं एकमेकांना ओळखतात याचे फायदे आतल्यांना मिळतात आणि बाहेरचा बाहेरच राहतो.

म्हणून शेवटची रेषा मला महत्त्वाची वाटते, ती पैशाची. इंटेल सुरू होताना नॉइस ग्रिनेलच्या विश्वस्त मंडळावर होता. जोसेफ रोझेनफिल्ड हा तिथलाच माजी विद्यार्थी आणि विश्वस्त, गुंतवणुकीत मुरलेला. याने वॉरन बफेटलाही मंडळावर आणलं होतं. कॉलेजच्या नावाने इंटेलमध्ये तीन लाख डॉलर गेले: एक लाख कॉलेजच्या निधीतून, एक लाख रोझेनफिल्डचे, एक लाख दुसऱ्या एका विश्वस्ताचे. पुढे ते शेअर्स विकले तेव्हा जवळपास १.४ कोटी डॉलर आले. अशा गुंतवणुकींनी कॉलेजचा निधी अब्जांत गेला. २०२१ च्या शैक्षणिक वर्षापासून ग्रिनेलने विद्यार्थ्यांच्या आर्थिक मदतीतून कर्ज काढून टाकलं आणि त्या जागी थेट अनुदान दिलं. म्हणजे ज्याची कुणाशीच ओळख नाही अशा पोराला आत यायला दार थोडं जास्त उघडलं.

नॉइस १९९० मध्ये गेला, त्यामुळे किल्बीला २००० चं नोबेल मिळालं तेव्हा तो नव्हता. कॉलेजच्या विज्ञान इमारतीला त्याचं नाव आहे, आणि तिथल्या वेधशाळेला गेलसरांचं. हे मला आवडलं. आपल्याकडच्या किती फ्लेक्सवर शिकवणाऱ्याचा फोटो असतो, आठवून बघा.

ताईला मी शेवटी सांगितलं, फ्लेक्सवरचे फोटो मोजू नकोस. भाचीला घेऊन कॉलेजात जा आणि दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलाला गाठून तीन प्रश्न विचार. तुझं नाव माहीत असलेले सर किती? गेल्या वर्षभरात सिलॅबसबाहेरचं काही कुणी आणून शिकवलं का? आणि कुणी पोरगा घसरला, तर त्याला परत उभं करायला इथे कोण असतं?

ताई म्हणाली, "आणि फी?"

तो चौथा प्रश्न. खरं म्हणजे पहिलाच. गुरुवारी दोघी तीन कॉलेजं बघायला जातायत. काय उत्तरं आली ते पुढच्या शनिवारी लिहीन.