बेत आणि बेटें

मधुचंद्र हा शब्द आपण इंग्रजीवरून बेतला, परंतु बेततांना त्यांतील कडू भाग गाळून टाकला, हें फारच थोड्यांच्या ध्यानांत येतें. १५५२ सालीं रिचर्ड हुलोएट नांवाच्या कोशकारानें या शब्दाचा जो अर्थ नोंदला, त्यांत मधापेक्षां चंद्राचेंच महत्त्व अधिक होतें. नवविवाहितांचें प्रेम प्रारंभीं मधासारखें गोड असतें खरें. पण पौर्णिमा उलटली कीं चंद्राला जशी उतरती कळा लागते, तशी त्या प्रेमालाही लागते, असा त्याचा आशय. म्हणजे मुळांत हा शब्द शुभेच्छेचा नव्हे, टोमण्याचा होता. पुढें टोमणा विरला, चंद्र कायमचा पौर्णिमेचा झाला, आणि एकोणिसाव्या शतकांत त्याला प्रवासाचें तिकीटही जोडलें गेलें.

आमच्या गेवराईकडे नवरानवरीनें लग्नानंतर प्रवास करण्याची चाल नव्हती, असें मात्र कोणीं समजूं नये. तुळजापूर आणि जेजुरी हीं ठिकाणें ठरलेलींच. जेजुरीच्या गडावर नवऱ्यानें नवरीला उचलून पांच पायऱ्या चढाव्या, असा प्रघात आहे. काव्यांतल्या कोणत्याही नायकानें हेवा करावा इतका तो रम्य आहे. पण उचलणारा आणि उचलली जाणारी यांच्या मागें सासू, नणंद, मामामामी आणि चुलत घराण्यांतलीं पोरें अशी पलटण चालत असल्यामुळें त्या जोडप्याचा एकांत पांच पायऱ्यांपुरताच असे, आणि तोही टाळ्यांच्या गजरांत. इंग्रजांनीं यावरून आपणांस हिणविण्याचें कारण नाहीं. त्यांच्याकडेही आरंभीं नवदंपती आप्तेष्टांच्या भेटी घेत हिंडत, आणि पुष्कळदां बरोबर एखादी बहीण वा मैत्रीण असे. दोघांनींच कोठेंतरी जावें ही कल्पना दोन्ही देशांत उशिराच उगवली.

ती आतां गेवराईसही पोंचली आहे. समुद्र येथून सुमारें तीनशें किलोमीटर दूर. तालुक्यांत बेट म्हणावें असें ठिकाण शोधूं गेल्यास गोदावरीच्या पात्रांतलें पांचाळेश्वराचें मंदिर, आणि तेंही नदीला पाणी असेल तेव्हां. अशा गांवीं गेल्या वर्षीं आमच्या पुतण्याचें लग्न ठरलें, आणि साखरपुड्याच्या पाठोपाठ घरांत जो विषय निघाला तो मांडवाचा नव्हे, जेवणावळीचा नव्हे, तर अंदमानचा! महाविद्यालयांत इंग्रजी शिकविणाऱ्या माणसाला परमुलखाचें सर्व कांहीं ठाऊक असतें, अशी आमच्या कुटुंबाची जुनी समजूत. त्यामुळें सहलीचें वेळापत्रक तपासणीसाठीं आमच्याकडे आलें. "काका, सहा दिवसांत चार बेटें. या पैशांत यापेक्षा जास्त बेटं कोणी देत नाही," असें पुतण्या मोठ्या अभिमानानें म्हणाला. कापडाच्या दुकानांत वार मोजून घ्यावे तशीं त्यानें बेटें मोजून घेतलीं होतीं.

वेळापत्रक असें होतें. रात्रीं मोटारीनें पुणें, तेथून विमानानें चेन्नई, आणि तेथून दुसऱ्या विमानानें श्रीविजयपुरम्, म्हणजे २०२४ पर्यंतचें पोर्ट ब्लेअर. त्याच दिवशीं सेल्युलर जेल आणि रात्रीं तेथला ध्वनिप्रकाशाचा खेळ. दुसऱ्या दिवशीं, पूर्वीं ज्याला रॉस म्हणत आणि २०१८ च्या डिसेंबरापासून ज्याला नेताजी सुभाषचंद्र बोस यांचें नांव आहे तें बेट. तेथें इंग्रजांच्या पडक्या वाड्यांना वडाच्या मुळ्यांनीं कवटाळलें आहे. तिसऱ्या दिवशीं पूर्वींचें हॅवलॉक, म्हणजे स्वराज द्वीप, आणि राधानगरच्या किनाऱ्यावर सूर्यास्त. चौथ्या दिवशीं तोंडाला नळी लावून पाण्याखालचीं प्रवाळें. पांचव्या दिवशीं पूर्वींचें नील, आतांचें शहीद द्वीप. सहाव्या दिवशीं सकाळीं बोट आणि दुपारीं विमान.

आम्हीं त्यांत दोन गोष्टी दाखवून दिल्या. पहिली समुद्राची. तेथें वर्षाला सुमारें तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्या बीड जिल्ह्यांत सातशेंही पडत नाहीं. नैऋत्येचा पाऊस संपतो न संपतो तोंच ईशान्येचा सुरू होतो, आणि वारा बिघडला कीं बोटी सरळ बंद ठेवितात. तेव्हां ज्या दिवशीं विमान त्याच दिवशीं बोट, हा धीटपणा बरा नव्हे. दुसरी गोष्ट सूर्याची. पुतण्यानें राधानगरच्या सूर्यास्तापुढें आपल्या हातानें 'सायंकाळीं सहा' असें लिहिलें होतें. गेवराई आणि अंदमान यांच्या रेखांशांत सतरा अंशांचें अंतर; दर अंशाला चार मिनिटें धरलीं तर अडुसष्ट मिनिटें होतात. घड्याळ मात्र साऱ्या देशाचें एकच. म्हणून डिसेंबरांत तेथला सूर्य पांचाच्या सुमारासच मावळतो. हीं जोडपीं सहाला पोंचलीं असतीं तर त्यांना सूर्यास्ताऐवजीं अंधारच पाहावा लागता.

आमची दुरुस्ती पाहून घरांतील इतरांसही उत्साह चढला. आमच्या वडील बंधूंनीं परततांना रामेश्वर जोडण्याची सूचना केली. वहिनींनीं तुळजापूर आधीं, अंदमान मागून, असा क्रम लाविला. आत्याबाईंना शंख हवा होता. तेथून शंखशिंपले परवान्याशिवाय आणतां येत नाहींत हें ऐकून त्या रुसल्या. मित्रमंडळींनीं छायाचित्रांच्या जागा नेमून दिल्या. नव्वदीच्या आजी तेवढ्या म्हणाल्या, "अंदमान म्हणजे काळं पाणी ना रे? तिथं माणसं आपण होऊन जातात?" त्या सहा दिवसांच्या कागदावर नऊ माणसांच्या हातांचे ठसे उमटले. दहावें माणूस, कीं जिच्यासाठीं हें सारें, तिचा ठसा तेवढा त्यावर नव्हता.

मुलगी शिरूर कासारकडची, जिल्हा परिषदेच्या शाळेंत शिक्षिका. उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहत ती लहानाची मोठी झालेली. बस्ता बांधण्यासाठीं मंडळी गेवराईस आलीं तेव्हां तो कागद सहज तिच्या हातीं पडला. तिनें तो सबंध वाचला आणि घडी घालून परत करीत ती म्हणाली, "काका, आम्हां दोघांनाही पोहता येत नाही. मग पाण्यात उतरायचे एवढे कार्यक्रम कशाला?" सर्वजण हंसले. मग ती अगदीं हळू आवाजांत म्हणाली, "सहा दिवसांत पाच वेळा बॅग भरायची अन् पाच वेळा उघडायची. बोलायचं केव्हा?"

या प्रश्नावर कोणीं हंसलें नाहीं, कारण तो आमच्या पिढीलाही लागू होता. आमच्याकडे नवराबायको पन्नास वर्षें एका छपराखालीं काढितात. मुलांचीं शिक्षणें, विहिरीचें खोदकाम, बहिणींचीं लग्नें, सर्व पार पाडितात. आणि एकमेकांस काय आवडतें हें विचारण्यास मात्र त्यांना सवड सांपडत नाहीं. पूर्वीं ती सवड वडीलधाऱ्यांच्या धाकानें हिरावून घेतली होती. आतां ती परत मिळाली आहे. पण मिळाल्याबरोबर तिचे तुकडे करून आपणच तीं बेटांबेटांवर वांटून टाकतों.

ही सवड कांहींना किती महाग पडते, याचीं दोन उदाहरणें आमच्या नजरेसमोर आहेत. एक त्या अंदमानचेंच. सेल्युलर जेलच्या कोठड्या, एका कैद्याला दुसऱ्याचें तोंड दिसूं नये, अशाच रचलेल्या आहेत. तेथें सावरकर बंधु एकाच तुरुंगांत असूनही भेटीस पारखे होते. विनायकराव १९११ पासून १९२१ पर्यंत तेथें होते, आणि त्यांच्या पत्नी यमुनाबाई यांस पतीचें दर्शन घडलें तें १९१९ सालीं, दीर नारायणरावांबरोबर समुद्र ओलांडून गेल्यावर. बाबारावांच्या पत्नी येसूवहिनी या त्या भेटीआधींच वारल्या होत्या. महाराष्ट्रांतील एका स्त्रीचा पतीसाठीं केलेला अंदमानचा प्रवास असाही झालेला आहे.

दुसरें उदाहरण आमच्या दाराशींच. गेवराईवरून जाणाऱ्या ५२ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गावर दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या गाड्या लागतात. त्यांवर भांडींकुंडीं, शेळ्या, पोरें, आणि त्यांतच हळदीचा रंग न उतरलेलीं जोडपीं. या धंद्यांत मुकादम माणसें मोजीत नाहीं, कोयते मोजतो. आणि एक कोयता म्हणजे नवरा व बायको मिळून एक. उचल जोडीला मिळते, म्हणून हंगामाआधीं लग्न उरकून कोयता पुरा करण्याची घाई होते, आणि तींत कित्येक मुली शाळेंतून उठतात. दोन जीवांच्या एकरूपतेवर कवींनीं एवढें लिहिलें. पण ती हिशेबांत उतरविली मुकादमाच्या वहीनें. पहाटेपासून फडांत, रात्रीं कोपींत. या जोडप्यांचाही लग्नानंतरचा पहिलाच प्रवास असतो, आणि तोही त्याच हिवाळ्यांत. तीं दोघें दिवसरात्र एकत्र असतात. पण त्यांतला एकही दिवस त्यांच्या मालकीचा नसतो.

म्हणून कोणीं अंदमानास जाऊं नये, असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. जावें, अवश्य जावें. पण खरी चैन विमानांत नाहीं, निळ्या पाण्यांत नाहीं, बेटांच्या संख्येंत तर नाहींच नाहीं. दोघांच्या मालकीचा एक दिवस, ही ती चैन. आणि त्या दिवसाचें काय करावयाचें हें दोघांनीं मिळून ठरविणें, हा त्यांच्या संसाराचा पहिला कारभार. तो दुसऱ्यांनीं करून दिला तर बेटें दिसतील. जोडीदार दिसेलच असें नाहीं.

पुतण्या दोन दिवस घुम्यासारखा वागला, मग त्यानें फोन उचलला. त्यानंतर आठवडाभर ते बेत आमच्यापर्यंत आले नाहींत, आणि आले तेव्हां तपासण्यासाठीं नव्हे, केवळ कळविण्यासाठीं आले. जेल राहिला, कारण तिला तो आपल्या वर्गांतल्या मुलांना सांगावयाचा होता. रॉस गेलें, हॅवलॉकही गेलें. शहीद द्वीपावर सलग तीन रात्री, आणि परतीच्या विमानाआधीं एक रात्र श्रीविजयपुरमला. बंधूंना अजून चुटपुट आहे: "अंदमानला गेले आणि राधानगर पाहिलं नाही!"

आम्हांस मात्र त्या निवडीचें समाधान वाटतें. तें बेट अगदीं लहान. फाळणीनंतर पूर्व बंगालांतून निर्वासित झालेल्या ज्या कुटुंबांना अंदमानांत जमिनी मिळाल्या, त्यांपैकीं कांहींनीं तेथें जंगल तोडून शेती केली. तेथल्या वस्त्यांचीं नांवें रामनगर, लक्ष्मणपूर, भरतपूर, सीतापूर अशीं आहेत. घरदार गमावलेल्या माणसांना वनवासी कुटुंबाचीं नांवें जवळचीं वाटलीं असतील. रामाचा वनवास दुसऱ्यांनीं ठरविला होता. त्याच्याबरोबर जाण्याचा निश्चय मात्र सीतेचा स्वतःचा होता, आणि तो तिनें साऱ्यांचा विरोध मोडून तडीस नेला. लक्ष्मणपूरच्या किनाऱ्यावर सूर्य मावळतो, तो पाहावयास गर्दी होते. सीतापूर पूर्वेला आहे. तेथें सूर्य उगवतो, आणि तो पाहण्यासाठीं घड्याळाकडे न बघतां लवकर उठावें लागतें, इतकेंच.