पाटी विकत घ्यावी की हाताने करावी?

हातावर पोट असणाऱ्या माणसाचे भांडवल त्याच्या दहा बोटांत असते. म्हणून यंत्राला जोडायची एखादी वस्तू विकत घ्यावी की घरी करावी, हा प्रश्न नुसता पैशांचा राहत नाही. आम्ही घरातली चार माणसे मिळून फोटो फ्रेम करण्याचा छोटा धंदा चालवतो. दोघे भाऊ कापायला, दोघी जावा सांधे, पॉलिश आणि हिशेबाला. आमच्या घरात ह्या प्रश्नावर आठवडाभर वाद झाला. इतर कष्टकरी कुटुंबांनाही तो उपयोगी पडेल म्हणून येथे मांडत आहोत.

टेबलाच्या मधून गोल पाते वर आलेले असते. त्यावर लाकूड नुसत्या हाताने ढकलले आणि ते जरा तिरपे झाले, की पात्यात अडकून उसळते व अंगावर येते. त्या झटक्यात हातही पात्याकडे जाऊ शकतो. यावर उपाय म्हणजे सरकती पाटी. तिला स्लेड म्हणतात. पाटीच्या खालच्या पट्ट्या टेबलाच्या खाचांत बसतात, लाकूड पाटीवर टेकवून धरायचे आणि सगळी पाटीच पुढे सरकवायची.

थोरल्या भावाचे म्हणणे होते, "तयार आणा. दोन दिवस पाटी करण्यात गेले तर दोन दिवसांची मजुरी बुडाली." यात खोटे काही नाही. तयार पाटीला अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या असतात, त्या पावसाळ्यात फुगत नाहीत. कोनाच्या खुणा आखलेल्या असतात. ऑर्डर डोक्यावर असेल आणि यंत्र चांगल्या कंपनीचे असेल, तर विकत घेणाऱ्याला कोणी उधळ्या म्हणू नये.

पण धाकट्या जाऊबाईंनी आधी टेबलाच्या खाचा मोजायला लावल्या. परदेशी मापाच्या पाट्या साधारण १९ मिलिमीटर रुंद आणि साडेनऊ मिलिमीटर खोल खाचेसाठी केलेल्या असतात. आमचे टेबल स्थानिक कारागिराने केलेले, खाच त्याहून अरुंद. म्हणजे पैसे मोजून आणलेली पाटी बसलीच नसती. वाद तेथेच मिटला.

करण्याची रीत अवघड नाही. १२ मिलिमीटरचा सपाट प्लाय घ्यावा. सागवानाच्या दोन पट्ट्या रंधा मारून खाचेत न हलता सरकतील अशा कराव्यात. खाचेत नाणी ठेवून त्यावर पट्ट्या बसवल्या की त्या टेबलाच्या किंचित वर राहतात. त्यांना फेव्हिकॉल लावून वर प्लाय ठेवावा व वजन द्यावे. वाळल्यावर स्क्रू मारावेत. पुढे आणि मागे जाड लाकडाचे आडवे तुकडे लावावेत, नाहीतर पात्याने चीर पाडल्यावर पाटीचे दोन भाग होतील.

आता महत्त्वाचे. फ्रेमला चार कोपरे, म्हणजे ४५ अंशांचे आठ काप. प्रत्येक काप एकाच बाजूला अर्धा अंश चुकला तर शेवटच्या कोपऱ्यात चार अंशांची फट पडते. पण पाटीवरच्या दोन टेकण्या एकमेकींशी अचूक काटकोनात बसवल्या, तर एक टेकण ४४ अंशांची आणि दुसरी ४६ अंशांची झाली तरी कोपरा बंद होतो, कारण दोन्ही मिळून ९० अंशच भरतात. यासाठी पट्टीचे एक टोक डाव्या टेकणीवर आणि दुसरे उजव्या टेकणीवर कापावे. समोरासमोरच्या पट्ट्या सारख्या लांबीच्या व्हाव्यात म्हणून टेकणीवर अडसराचा ठोकळा लावावा. म्हणून आम्ही पाटी घरी केली, पण गुण्या चांगला विकत घेतला. गुण्याच वाकडा असेल तर पाटीला दोष देऊन उपयोग नाही.

एका गोष्टीत मात्र काटकसर करू नये. पाटी वापरताना पात्यावरचे झाकण बहुधा काढावे लागते. म्हणून पाते जेथून बाहेर येते तेथे, आपल्या बाजूला, जाड ठोकळा लावावा आणि पात्याच्या रेषेवर पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची पट्टी आडवी बसवावी. हात त्या रेषेपासून दूर राहिले पाहिजेत. बारीक तुकडा बोटांनी कधीच उचलू नये. आधी यंत्र बंद करावे, पाते थांबू द्यावे.

पावसाळ्यात आमच्या पट्ट्या फुगून अडकतात. मग थोडा पॉलिश पेपर मारून मेण लावतो. तेल लावत नाही, कारण फ्रेमच्या लाकडावर डाग पडतो. आपण केलेली वस्तू बिघडली तर आपल्यालाच दुरुस्त करता येते, हा यातला मोठा फायदा.

पण खरा फायदा वेगळाच झाला. पूर्वी धाकट्या जाऊबाईंना आम्ही यंत्राजवळ फिरकू देत नव्हतो. पाटी करताना त्यांनीच माप घेतले, त्यांनीच टेकण्या जुळवल्या. आता त्या स्वतः कापतात आणि त्यांच्या कापाला फट नसते. कापणारे हात दोनाचे तीन झाले.

तेव्हा वाचक बंधू-भगिनींनो, विकत घ्या किंवा घरी करा. आधी आपल्या टेबलाची खाच मोजा, मग खिसा पाहा. आणि घरी करणार असाल तर घरातल्या मुलीला, सुनेलाही शेजारी उभे करा. कौशल्य एकाच माणसाच्या हातात राहिले, तर तो आजारी पडला की चूल थंडावते.