फाईलवरचा लाल शेरा

गरोदरपणात एचआयव्हीची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते, गोळ्याही फुकट. आईने त्या रोज घेतल्या, बाळाला जन्मल्याबरोबर नेविरापिनचं औषध सुरू केलं, तर लागणीचा धोका ५ टक्क्यांच्या खाली येतो. काहीच केलं नाही तर १५ ते ४५ टक्के, अंगावरचं दूध धरून.

मग अडतं कुठं? एका ताईने मला स्वतःहून सांगितलं (गाव लिहीत नाही). बाळंतपणाला माहेरी जाताना फाईल सासरीच ठेवली, वर लाल पेनाने ठळक शेरा होता, वहिनी वाचेल म्हणून. त्याच भीतीने गोळ्याही नेल्या नाहीत. २०१७ च्या कायद्यात गुप्तता पाळायला सांगितलीय, मग हा शेरा कशाला मारता, साहेब?

नवऱ्याची तपासणी अजून नाही. त्याला म्हणे वेळ नाही. बाळाची सहा आठवड्यांची तपासणी येत्या सोमवारी आहे.