कोटभराची गाडी, दुपारचा नाला

बॉस, गाडीत सगळं होतं. पॅनोरामिक सनरूफ, थंडगार होणाऱ्या सीट्स, चिखल-वाळू-दगड असं निवडायचं बटण. डिफेंडरच ती, 900 मिलिमीटर पाण्यातून जाते म्हणे! मित्राच्या थोरल्या भावाची. किल्ली देताना दादा एवढंच म्हणाला होता, "ओरखडा चालेल, पाणी नको."

आणि आम्ही निघालो स्पितीला!

मनाली सोडून 2020 साली सुरू झालेला अटल बोगदा पार केला की पुढे ग्रामफूला काझाचा फाटा लागतो. तिथून बातलपर्यंत रस्ता म्हणायचं आपलं. नुसते दगडगोटे, शेजारी चंद्रा नदी आणि मधूनच रस्त्यावर आडवे येणारे बर्फाच्या पाण्याचे नाले. रात्रीच्या थंडीत बर्फ वितळणं मंदावतं, म्हणून सकाळी पाणी जेमतेम घोट्याएवढं. ऊन चढलं की वरून लोंढा सुटतो आणि दुपारी तोच नाला मांडीला लागतो. इथल्या ड्रायव्हर मंडळींना हे पाठ असतं. आम्ही मात्र कॅपुचिनो पीत, फोटो काढत अकराला मनाली सोडली.

छत्रूच्या पुढे मोठा नाला आला तेव्हा तीन वाजले होते. मित्राने स्टाइलमध्ये बटण दाबलं आणि गाडी घातली. पाणी गढूळ, तळ दिसेना. मध्यावर पुढचं चाक दोन धोंड्यांमध्ये खचकन बसलं. तो घाबरला, पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला. गाडी कलली. दाराशी पाणी खळखळायला लागलं आणि माझ्या डोळ्यांसमोर दादा!

समोरून सरकारी बस आली होती. ड्रायव्हर उतरला, बूट काढले, पँट गुडघ्यावर दुमडली आणि काठीने तळ चाचपत सरळ पाण्यात. आम्ही करायला हवं होतं ते हेच. पसरून, फेसाळत वाहतं तिथे पाणी उथळ. संथ दिसतं तिथे खड्डा. त्याने हातानेच सांगितलं: जरा मागे, मग डावीकडे. लो रेंज, सस्पेन्शन वर, पाय एकसारखा. नशीब, इंजिन बंद पडलं नव्हतं. पाण्यात बंद पडलेलं इंजिन पुन्हा सुरू करायला जाल, तर आत शिरलेलं पाणी त्याचा निकाल लावतं.

बाहेर आलो तर टायरची बाजू चिरलेली. शहरातले गुळगुळीत टायर, इथले धारदार दगड, दुसरं काय होणार? बारा हजार फुटांवर स्टेपनी बदलताना जी धाप लागते ना, जिममध्ये नाही लागत. तेवढ्यात ती बस हेलकावे खात नाला ओलांडून गेलीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी पहाटेच बातल सोडलं. चंद्रताल तिथून चौदा किलोमीटर. गाडी अलीकडेच ठेवायची आणि पुढे चालत जायचं. 2005 पासून हे रामसर पाणथळ क्षेत्र आहे, काठावर टायर नेण्याचा शहाणपणा इथे चालत नाही. तळं? निव्वळ निळं. अर्धा तास आम्ही दोघंही गप्प.

काझाला एकदाचा फोन लागला.

"पाणी?" दादाने विचारलं.

मित्राने मॅटखाली हात घालून पाहिला. कोरडं होतं. टायरचं दादाने विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही.