शिटीशेजारचं बटण

"तू नक्की काय करतोस रे?" लग्नकार्यात हमखास येणारा प्रश्न. 'रिलायबिलिटी इंजिनिअरिंग' म्हटलं की समोरचा "अस्सं!" म्हणून जिलबीकडे वळतो. म्हणून हल्ली मी सरळ कुकरचं उदाहरण देतो.

कुकरमध्ये दाबामुळे पाणी १०० ऐवजी साधारण १२० अंशांना उकळतं, म्हणून डाळ पटकन शिजते. जास्तीची वाफ शिटी उचलून बाहेर पडते. पण डाळीचा फेस नळीत अडकला तर? पाणीच आटलं तर? त्यासाठी झाकणावर एक बटण असतं, ज्याच्याकडे कोणाचं लक्षही जात नाही. तो सेफ्टी व्हॉल्व्ह. (कुकरचा पूर्वज डेनी पापँने १६७९ साली लंडनमध्ये दाखवला. सेफ्टी व्हॉल्व्हचं श्रेयही त्यालाच देतात.) आपल्या कुकरच्या व्हॉल्व्हमध्ये लवकर वितळणारा मिश्रधातू असतो. कुकर प्रमाणाबाहेर तापला की तो वितळतो आणि वाफ निघून जाते.

गंमत बघा, तिथे नुसती दुसरी नळी ठेवली असती तर ज्या डाळीने पहिली तुंबली तिनेच दुसरीही तुंबवली असती. दोन राखणदार ठेवायचे तर दोघांना एकाच कारणाने झोप लागता कामा नये. आमच्या शास्त्राचं निम्मं सार इथेच आलं.

उरलेलं निम्मं आईकडे. ती ७६ वर्षांची, एकटी राहते. वर्षभरात तिचा व्हॉल्व्ह दोनदा गेला. कुकर गॅसवर, आई गॅलरीत वाचत बसलेली, पाणी आटलेलं. घरात मत पडलं, कुकर बिघडलाय, टाकून द्या. दुरुस्तीवाला म्हणाला, "आजी, इथे पक्का स्क्रू बसवतो, परत कटकट नाही." आईला ते पटलंही होतं! मी फोनवरच ठाम नाही म्हणालो.

अहो, कुकर बिघडला नव्हताच. स्वस्तातला एक तुकडा ठरल्याप्रमाणे मेला आणि आई वाचली. प्रत्येक वस्तू कधी ना कधी बिघडते. बिघडतानाही जी माणसाला सांभाळून घेते, ती विश्वासाची.

असो. पण व्हॉल्व्ह दोनदा गेला, हा निरोप कुकरबद्दलचा नाही. ताई, दादा, तुम्ही हे वाचताच, म्हणून इथेच लिहितो. आईच्या एकटं राहण्याबद्दल आपण तिघांनी तिच्यासमोर बसून बोलायला हवं. तोवर तिच्या फडताळात त्याच कंपनीचे दोन जादा व्हॉल्व्ह ठेवून आलोय.