घोडे अर्धवट वाटतात!

पॅरिसला ऑनसाइट गेलेला मराठी माणूस पहिल्या वीकएंडला आयफेल टॉवर करतो, दुसऱ्याला डिस्नेलँड. तिसऱ्याला काय? माझं ऐकाल तर गार द लेस्त स्टेशन गाठा आणि नान्सीचं तिकीट काढा. दीडेक तासाचा प्रवास.

मी गेलो तेव्हा डोकं तापलेलं होतं. महिनाभर खपून केलेलं डिझाइन क्लायंटनं 'छान आहे, पण अपुरं वाटतं' म्हणून परत पाठवलं होतं.

सोनेरी फाटकांच्या प्लास स्तानिस्लास चौकात कॉफी प्या आणि शेजारच्या पेपिनिएर बागेत शिरा. तिथे क्लोद लोरँ उभा आहे. सतराव्या शतकातला, याच लोरेन प्रांतात जन्मलेला चित्रकार. रोममध्ये राहून जन्मभर त्यानं ऊन रंगवलं. पुतळा रोदँचा, १८९२ सालचा. हातात पॅलेट, चेहरा वर, जणू आत्ताच उजाडलंय. खाली चौथऱ्याच्या दगडातून अपोलो आणि त्याच्या रथाचे घोडे उसळून बाहेर येतायत.

रोदँ मुळात मातीवाला. दगडाची घडाई बहुतेक त्याचे सहायक करत. आदल्याच शनिवारी मी म्युदाँला त्याच्या घरी गेलो होतो. तिथे पांढऱ्या प्लास्टरची गर्दी आहे. माती अशी फारशी उरतच नाही. ओल्या फडक्यात जपायची, समितीला मॉडेल दाखवायचं, मग प्लास्टरचा साचा काढताना तीच फुटून जाते. पेणला काकांच्या कारखान्यात शाडूवर ओलं फडकं टाकायचं काम माझ्याकडे असे. एका दुपारी विसरलो, तर सोंडेला तडा! काका ओरडले नाहीत. पुन्हा माती मळायला बसवलं, बस्स.

नान्सीच्या या घोड्यांत मला तीच ओली माती दिसली. आयाळी बोटांनी ओढून काढल्यासारख्या, पाय दगडात अजून रुतलेले. नान्सीकरांना नेमकं हेच खटकलं. घोडे अर्धवट वाटतात, म्हणाले! आणि रोदँला ते सुधारून द्यावे लागले. होय, रोदँलासुद्धा! मी चौथऱ्याला दोन चकरा मारल्या. बदल कुठे केला ते काही सापडेना. घोडे मात्र अजूनही पुरते बाहेर आलेले नाहीत.

परतीच्या गाडीत लॅपटॉप उघडला. क्लायंटच्या अकरा सूचनांपैकी नऊ मान्य करून टाकल्या. उरलेल्या दोनांवर सोमवारी भांडायचं ठरवलं.